परत बोलवावं का? श्रीलंकेतून आलेल्यांचे आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांचे अनुभव

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेचं सैन्य काबूलमधून निघालं, तेव्हा बाबा टीव्हीसमोरून उठेनात. ते भारतीय शांतिसेनेत होते, श्रीलंकेत. सैन्य परत बोलवायला हवं होतं की नको, यावर पडद्यावर तावातावाने बोलणं चाललं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "जे तिथे होते त्यांना विचारा ना कुणीतरी."

म्हणून विचारते आहे. श्रीलंकेचं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातलं युद्ध थांबावं म्हणून जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, त्यानंतर आपलं सैन्य तिथे गेलं आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. या काळात अकराशेंहून जास्त जवान मारले गेले. तुम्ही तिथे असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी असेल, तर लिहा. मत आधी नको, काय घडलं ते आधी सांगा. युनिट आणि नावं टाळा.

सुरुवात मी करते. १ जून १९८९ ला श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी जुलैअखेर भारतीय सैन्य परत जावं असं जाहीर केलं. आईने ते रेडिओवर ऐकलं आणि कॅलेंडरवर ३१ जुलैला गोल केला. मी नऊ वर्षांची होते, गोल तिने माझ्याच खडूने केला होता. जुलै संपला. दोन्ही सरकारांची बोलणी चालूच राहिली. आमच्या ओळखीतल्या घरचा एक जवान त्याच ऑगस्टमध्ये सुरुंगात गेला. निघायचं कधी एवढंच ठरायचं बाकी होतं, आणि तेवढ्यात तो गेला. बाबा जानेवारीत आले. त्या घरासमोरून जाताना आई आजही मान खाली घालते, जणू बाबा परत आले हा तिचा अपराध आहे.

*

मी हवालदार होतो. उत्तर श्रीलंकेत, जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरलो तो ऑक्टोबर १९८७. निघण्याआधी आम्हाला सांगितलं होतं की तमिळ लोक आपलेच आहेत, त्यांच्या रक्षणाला चाललोय. आधी गेलेल्या पोरांना लोकांनी हार घातले होते हेही ऐकलं होतं. मी उतरलो तेव्हा जाफन्यात एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशीच आपली लढाई पेटली होती. ऑपरेशन पवन म्हणायचे त्या मोहिमेला. विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकच जिवंत राहिला, ही बातमी आमच्यापर्यंत कुजबुजीने आली. मोठ्याने कुणी बोलत नव्हतं.

आमच्या हातात एसएलआर, एकेक गोळी झाडणारी रायफल, त्यांच्याकडे एके-४७. नकाशे जुने. तमिळ येणारा पलटणीत शोधून सापडत नसे. म्हातारी बाई हात हलवून काही सांगतेय, ती 'पुढे जा' म्हणतेय की 'जाऊ नका', हेच कळत नसे. माझा पाय ८८ मध्ये गेला. रोज सकाळी गाड्या सुटण्याआधी रस्ता तपासत चालायचं, आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी, म्हणतो आम्ही. त्या रस्त्याने मी अकरा दिवस गेलो होतो. बाराव्या दिवशी गेला. नंतर पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात माझ्यासारखे बरेच भेटले, आणि पहिला प्रश्न सगळे एकच विचारायचे: कुठल्या रस्त्याला?

मला विचाराल तर परत बोलवायची वेळ १९९० नव्हती. ज्या दिवशी शांतता राखायचं काम संपलं आणि लढायचं काम सुरू झालं, त्या दिवशी दिल्लीत कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं, की आता आपण इथे नेमके कशासाठी? आम्ही हुकूम मानला, त्याचं दुःख नाही. पण काम बदललंय हे आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. ते आम्हाला गोळ्यांनी कळलं.

*

वरच्या हवालदारसाहेबांना सलाम करून थोडं वेगळं लिहितो. मी तेव्हा कॅप्टन होतो, पूर्वेकडे, बट्टिकलोआ भागात. आम्ही फक्त मार खाल्ला, असं चित्र उभं राहतं ते मला सहन होत नाही. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीत छातीत गोळी लागल्यावर समोरच्याचीच रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. परमवीरचक्र मिळालं त्यांना. १९८८-८९ पर्यंत एलटीटीई बरीचशी उत्तरेकडच्या वन्नीच्या जंगलात रेटली गेली होती. प्रांतिक परिषदेची निवडणूक झाली, अध्यक्षपदाची, संसदेची झाली. बंदोबस्त आमचा होता. आणि नेमकं तेव्हाच कोलंबोच्या सरकारने आमच्याशी लढायला एलटीटीईला शस्त्रं पुरवली.

मला झोप लागत नाही ती मात्र दुसऱ्या गोष्टीने. आमच्या भरवशावर काही तमिळ माणसं उघडपणे आमच्या बाजूने उभी राहिली होती. तमिळ नॅशनल आर्मी नावाने पोरांची फौज उभी केली गेली. त्यात कित्येकांना घरातून, रस्त्यावरून जबरदस्तीने उचललं होतं. ते चूक होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. निघायच्या आधी आमचा दुभाषा, शाळामास्तर होता, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सर, आमचं काय?" मी म्हटलं, बघू. काय बघणार होतो? आमची पाठ वळताच ती पोरांची फौज कोलमडली. वरदराज पेरुमाळ, उत्तर-पूर्व प्रांतात आम्ही बसवलेले मुख्यमंत्री, भारतात आले. मास्तर आला नाही.

सैन्य काढायचं ठरलं की वेळापत्रक जहाजांचं आणि सामानाचं होतं. माणसांचंही व्हायला हवं.

*

माझं मराठी लग्नानंतरचं आहे, चुका सांभाळून घ्या. मी जाफन्याची. ८७ मध्ये चौदा वर्षांची होते. आमच्या घरात भिंतीवर गांधीजी आणि नेहरूंचे फोटो होते, आजोबांनी लावलेले. ऑक्टोबरमध्ये तोफगोळे पडू लागले तेव्हा आम्ही नल्लूरच्या कंदस्वामी देवळात गेलो, हजारो माणसं होती तिथे. त्याच महिन्यात जाफन्याच्या इस्पितळात सैनिक घुसले, डॉक्टर, नर्स, रुग्ण मारले गेले. आमच्या शेजारची ताई तिथे नर्स होती. घरी परतल्यावर आजोबांनी दोन्ही फोटो उतरवले आणि उलटे करून कपाटामागे ठेवले.

चौकीवर एक सैनिक रोज ओरडायचा, "थांब! थांब!" आम्हाला वाटायचं ही शिवी आहे. दहा वर्षांनी मुंबईत सासूबाई रस्ता ओलांडताना माझा हात धरून म्हणाल्या, "थांब." माझे पाय जागीच गोठले. त्यांना कारण सांगायला मला वर्ष लागलं.

आम्हाला दारात कुणाचंच सैन्य नको होतं. तुमचं गेलं तेव्हा आमच्या गल्लीत लोक आनंदले, मीही. पण जूनमध्ये श्रीलंकेचं सैन्य आणि एलटीटीई यांची पुन्हा लढाई सुरू झाली आणि ती २००९ पर्यंत चालली. तुमचं सैन्य थांबलं असतं तर टळली असती, असं मी म्हणणार नाही. जाफन्यात कुणी म्हणणार नाही.

*

मी मद्रासच्या सैनिकी रुग्णालयात परिचारिका होते. एकच लिहिते. शुद्धीवर आल्यावर पोरं विचारायची, "आपण जिंकतोय ना?" मी हो म्हणायचे.

*

माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९८९ मध्ये श्रीलंकेतच मारले गेले. शेवटची जहाजं मद्रासला लागली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, हे मी वर्तमानपत्रात वाचलं. माझ्या पदरात दीड वर्षाचा मुलगा होता. पेन्शनच्या कागदासाठी एका कचेरीत गेले, तर तिथल्या बाबूने विचारलं, "श्रीलंकेत? तिथे कुठलं युद्ध झालं?" मी कागद न घेता घरी आले. दुसऱ्या दिवशी सासरे गेले, त्यांनी आणले.

कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक आहे, नावं कोरलेली. मुलाने पैसे साठवून मला नेलं. नाव सापडेपर्यंत उन्हात बराच वेळ गेला. पहारेकऱ्याने विचारलं, कोण? मी म्हटलं, नवरा. त्याने बूट वाजवून सलाम केला. श्रीलंकेचाच शिपाई, माझ्या मुलापेक्षाही लहान. मग त्याने कुठून तरी पाण्याची बाटली आणून दिली, आणि मी ते नाव पदराने पुसेपर्यंत बाजूला उभा राहिला.