वीज ‘निर्माण’ होते, ‘तयार’ होते की ‘काढतात’?

संहिता: आठवीच्या मुलांसाठी विज्ञानाचा मजकूर मराठीत करते आहे. एका पानावर ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही, तिचं फक्त रूपांतर होतं’ आणि पान उलटलं की ‘वीजनिर्मिती केंद्र’! मुलं नेमकी इथेच अडतात. दुसरा शब्द आहे का?

घाटमाथा: ‘काढणे’ घ्या. आमच्या पाटण भागात सगळे ‘कोयनेला वीज काढतात’ असंच म्हणतात. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येतं, पेल्टन चक्रावर, म्हणजे पाण्याच्या झोताने फिरणाऱ्या टर्बाइनवर, आदळतं. त्याच्या उंचीत असलेली ऊर्जा आपण काढूनच घेतो की.

जुना मास्तर: ‘काढणे’ अजिबात नको. माझे आजोबा धरणाचं पाणी पिकाला नको म्हणायचे, ‘त्यातली वीज काढून घेतली, आता कस राहिला नाही.’ पाणी तेच असतं हो, कमी झालेली असते ती उंची. पोफळीतून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या तलावात जातं आणि अलोऱ्याला पुन्हा टर्बाइन फिरवतं. कस गेला असता तर दुसऱ्यांदा वीज कुठून मिळाली असती?

चांदेकर: चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात माझी नोकरी झाली. तिथे बोलताना निर्मितीही नाही आणि काढणंही नाही. ‘पाच नंबरचा संच चालू’, ‘सहा नंबर ट्रिप झाला’ (म्हणजे अचानक बंद पडला), ‘लोड किती?’ एवढंच. कोळशाने वाफ, वाफेने टर्बाइन, मिनिटाला ३००० फेरे, त्याच शाफ्टला जनरेटर. जनरेटरला ‘जनित्र’ फक्त कागदावर.

घाटमाथा: कागदावर का होईना, जगवा तो शब्द. जन् धातूपासून आलेला, किती नेटका!

धातुपाठ: आणि ‘निर्माण’ मा धातूपासून, मा म्हणजे मापणे. निर्माण म्हणजे मापून घडवणे, आणि घडवायला आधी काहीतरी लागतंच. दोष ‘वीजनिर्मिती’त नाही. संहिताताई, नियमाच्या वाक्यात ‘शून्यातून’ हा शब्द घाला, प्रश्न मिटला.

संहिता: हे पटतंय. पण ‘शून्यातून’ मूळ मजकुरात नाही, संपादक काढून टाकतील.

जुना मास्तर: मग घाटघरच्या जलविद्युत केंद्राला काय म्हणाल? तिथे मागणी कमी असताना ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातली, वीज घेऊन तीच यंत्रं उलटी फिरवतात, पाणी वरच्या तलावात चढवतात. परत मिळते ती वीज घातलेल्यापेक्षा कमीच. ही निर्मिती की साठवण?

सूर्यफूल: सौर पॅनेलमध्ये तर फिरणारं काहीच नाही. सिलिकॉनवर प्रकाश पडला की थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. तिथे ‘जनित्र’ कसं चालेल? उलट तारापूरला अणू फुटतो, पण शेवटी टर्बाइन फिरवते ती वाफच. खरं तर त्याला ‘अणु-औष्णिक’ म्हणायला हवं.

चांदेकर: कुणी म्हणणार नाही. आणि मास्तर, ‘ती टर्बाइन’ म्हणा, आम्ही सगळे तसंच म्हणायचो.

घाटमाथा: आमच्याकडे ‘ते टर्बाइन’. यंत्र आहे ना ते!

चांदेकर: मोटारही यंत्रच. ‘तो मोटार’ म्हणता की ‘ते मोटार’?