आठ महिन्यांची लेक, मी एकटी, मुंबई ते लंडन: काय घेऊ, काय नको?

पंचगंगा
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरअखेर मी आणि माझी लेक लंडनला निघतोय. नवरा जूनमध्येच पुढे गेलाय, म्हणजे विमानात आम्ही दोघीच. प्रश्न तीन.
१. रात्रीचं थेट विमान घेऊ की दुबईमार्गे? दुबईमार्गे १४ हजार वाचताहेत.
२. बाळाला अंगाशी बांधायचं कॅरियर हवंय. बजेट ३००० रुपये. स्ट्रोलर नकोय, तिकडे गेल्यावर बघू.
३. कानांचं काय करायचं? मागे आंबा घाटातून येताना तिने रत्नागिरीपासून मलकापूरपर्यंत भोकाड पसरलं होतं.
वजन साडेआठ किलो. अंगावर पिते, शिवाय नाचणीसत्त्व आणि मऊ भात. कोल्हापूरहून मुंबईपर्यंत गाडीने जाणार.

दोन_मुलांचा_बाप
स्ट्रोलर घ्याच. घडी घातली की डोक्यावरच्या कप्प्यात बसतो तसला. आम्ही १८ हजारांचा घेतला, पैसा वसूल. मुलगा त्यातच झोपायचा आणि आमच्या दोन्ही बॅगा खालच्या जाळीत.

पंचगंगा
बजेट ३००० आहे हो. आणि स्ट्रोलर नकोच आहे.

दोन_मुलांचा_बाप
मी आपलं सांगितलं. पाठ धरली की आठवण येईल.

विमानवेडा
थेटच घ्या, डोळे झाकून. साडेनऊ-दहा तासांत विषय संपतो. दुबईमार्गे म्हणजे दोनदा चढा, दोनदा उतरा, चार वेळा कान. तिकीट काढल्या काढल्या फोन करून बॅसिनेटची, म्हणजे समोरच्या भिंतीला लावायच्या बाळाच्या पाळण्याची, सीट मागा. ती फक्त भिंतीसमोरच्या ओळीत असते आणि मोजकीच असते. वजनाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे साडेआठ किलो चालतं का ते विचारून घ्या.
आणि बाळाचं तिकीट फुकट असतं या भ्रमात राहू नका. परदेशी प्रवासात मांडीवरच्या बाळालाही साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर पडतो.

अटकेपार
बॅसिनेटचं कौतुक मला सांगू नका. लेकीला झोपवायला दीड तास गेला. ठेवलं, पांघरूण घातलं, माझं जेवण समोर आलं आणि तेवढ्यात पट्ट्याचा दिवा लागला. बाळाला उचला म्हणे. असं तीनदा. शेवटी ती माझ्या मांडीवर आणि माझा डबा बॅसिनेटमध्ये.
शिवाय त्या ओळीत हात टेकायच्या दांड्या वर होत नाहीत आणि पुढे सीट नसल्याने पायाशी पिशवीही ठेवता येत नाही. उड्डाणाच्या वेळी डायपर हवा असेल तर तो वरच्या कप्प्यात.

काकू_डोंबिवलीकर
अगं, एवढं घाबरतेस काय! आम्ही ८९ साली मस्कतला गेलो तेव्हा कुठे होतं कॅरियर न् फिरियर? जुन्या नऊवारीचं दुपटं, टाळूला तेल, डोक्याला कुंची, झालं. निघताना जायफळाचे दोन वळसे उगाळून दे. पोर थेट लंडनला डोळे उघडेल.

डॉक्टरीणबाई
काकू, मनापासून आदर आहे, पण जायफळ नको. किती उगाळलं गेलं याचा नेम नसतो आणि जास्त झालं तर बाधतं. झोप यावी म्हणून सर्दीचं औषधही कुणी सुचवेल, तेही नको. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलटी पिसाळतात.
कानांचं: विमान चढतानापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. उतरायला साधारण अर्धा तास असताना विमान खाली येऊ लागतं, तेव्हा अंगावर घ्या. आवंढा गिळला की कान मोकळे होतात. झोपली असेल तर तेव्हा जागी करा. सर्दी किंवा कान दुखत असेल तर निघण्याआधी दाखवून घ्या.

काकू_डोंबिवलीकर
माझी दोन्ही मुलं जायफळावर वाढली. एक इंजिनियर आहे.

चहाबाज
दुसरं काय करतं? 😄

खिडकीवाला
एक बाळ नसलेला प्रवासी म्हणून लिहितो. मागच्या महिन्यात पूर्ण रात्र मागच्या सीटवरचं पोर रडत होतं. सकाळी साहेबांसमोर सादरीकरण. लोक इतक्या लहान मुलांना घेऊन का फिरतात?

अटकेपार
कारण बाप लंडनला आहे. धागा वाचून लिहा. कापूस मिळतो, कानात घाला.

बिझनेसक्लास
आम्ही सरळ बिझनेस घेतलं. पाय लांब करता येतात, कर्मचारी बाळाला खेळवतात. जरा जास्त पडतात, पण आयुष्य एकदाच.

चहाबाज
काहो, कोल्हापूर-मुंबई गाडीने कशाला? महालक्ष्मी एक्सप्रेस आहे की. रात्री बसा, सकाळी मुंबईत. खंडाळ्यात घाटात अडकलात तर विमान वर आणि तुम्ही खाली.

रंकाळाकाठ
महालक्ष्मी सीएसएमटीला सोडते, विमानतळ अंधेरीत. सकाळी बाळ, बॅगा आणि लोकलची गर्दी? गाडीच बरी. फक्त सातारच्या पुढे थांबून पाजून घ्या.

चहाबाज
दादरला उतरायचं ना मग, टॅक्सी करायची.

विमानवेडा
विषय विमानाचा आहे.

नाचणी
मी मागच्याच वर्षी एकटीने गेले, तेव्हा कामाचं तेवढं लिहिते. सुरक्षा तपासणीत १०० मिलीचा नियम बाळाच्या दुधा-पाण्याला लागत नाही, फक्त बाहेर काढून दाखवायचं. कॅरियरमधून बाळालाही काढायला लावतात, तेव्हा बकल एका हाताने सुटतं का ते घरी दहादा करून बघा. माझं सुटेना, मागे रांग, शेवटी तपासणीच्या ताईंनीच पाठीमागून ओढून सोडवलं.
नाचणीसत्त्व घरीच भाजून एकेका वेळचं पुड्यांत भरा. विमानात गरम पाणी मागितलं की देतात, पण ते कढत असतं, थांबा.
बाळाचे दोन जोड कपडे सगळे नेतात. स्वतःचा एक कुडता न्या. मी नेला नव्हता. हीथ्रोला नवऱ्याने मिठी मारायच्या आधी वास घेतला.
महत्त्वाचं: जन्मदाखला आणि नवऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा, विशेषतः दोघींची आडनावं वेगळी असतील तर.

काकू_डोंबिवलीकर
घरचं तूप घेऊन जा गं, भातावर घालायला.

नाचणी
काकू, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. बाळाच्या दुधाच्या पावडरचा सीलबंद डबा चालतो.

बिझनेसक्लास
आम्ही दोन किलो नेलं, कुणी विचारलं नाही.

दोन_मुलांचा_बाप
अजून एक, उतरताना कानासाठी अंगावर पाजा.

डॉक्टरीणबाई
🙏

विमानवेडा
सीट निवडताना लक्षात ठेवा, बहुतेक विमानांत शेजारच्या सीटवर दुसरं मांडीवरचं बाळ बसवत नाहीत. सीटच्या एका गटात ऑक्सिजनचा मास्क सहसा एकच जादा असतो. दोन मैत्रिणी मिळून जाणार असाल तर शेजारी जागा मिळेलच असं नाही. आणि परत सांगतो, थेट घ्या.

पंचगंगा
सगळ्यांचे आभार. ठरलं. दुबईमार्गेच जातेय. 🙈 एकाच तिकिटावर मध्ये दोन रात्री मुक्काम घेतलाय, मावसबहीण राहते तिथे. पहिला टप्पा सव्वातीन तासांचा, तेवढं मी एकटी निभावीन. मग अंघोळ, झोप, गरम आमटी-भात, आणि पुढचे सात तास. बॅसिनेट दोन्ही टप्प्यांना मागितलंय, मिळालं तर मिळालं. कॅरियर वहिनीचं जुनं मिळालं, शून्य रुपयांत. त्याचं बकल एका हाताने सुटतं, आज सकाळपासून तेच करतेय. संमतीपत्राचं माझ्या डोक्यातही नव्हतं, नाचणीताई.

विमानवेडा
चार वेळा कान. मी सांगितलं होतं. मग धागा काढला कशाला?

नाचणी
दुबईत बाहेर पडणार तर दोघींचाही व्हिसा लागेल हां, बाळाचा वेगळा.

पंचगंगा
हो, दोन्ही अर्ज भरले. तिचा फोटो काढायला चाळीस मिनिटं लागली. डोळे उघडे, तोंड बंद, आणि मागे पांढरी चादर धरून सासरे उभे.

दोन_मुलांचा_बाप
दुबईत स्ट्रोलर छान मिळतात. मावसबहिणीला विचारून ठेवा.