गोचिडांची लस: आधी जनुक तपासायचं की आधी प्रथिन?

आतडंपाहणारा: गाईच्या गोचिडावरची लस बीएम८६ या त्याच्याच आतड्यातल्या प्रथिनावर बेतलेली आहे. १९९० च्या दशकात ती ऑस्ट्रेलिया आणि क्यूबात बाजारात आली. मूळ प्रथिन ऑस्ट्रेलियन गोचिडाचं. अर्जेंटिनाच्या 'ए' स्ट्रेनवर (तिथल्या गोचिडांच्या एका वाणावर) ती फसली, पण तिथल्याच गोचिडाचं बीएम९५ हे तशाच जातीचं प्रथिन वापरल्यावर गुण आला. प्रथिनाचे घटक असलेल्या अमिनो आम्लांच्या क्रमात २.८ टक्क्यांहून जास्त फरक पडला की लस निकामी, असा अंदाज १९९९ मध्ये मांडला गेला. त्यात २०१२ साली ऑस्ट्रेलियातला गोचीड वेगळी प्रजाती ठरला. म्हणून आपल्याकडे लस आणण्याआधी इथल्या गोचिडांचा जनुकक्रम काढा, एवढंच म्हणणं.

चिमटा: असहमत. हीच लस रिपिसेफॅलस ॲन्युलेटस या गोचिडाच्या दुसऱ्याच प्रजातीवर जवळपास शंभर टक्के चालते. क्रमातला फरकच सगळं ठरवत असता तर तिथे आधी आपटली असती. ॲन्युलेटसमध्ये प्रथिनं तोडणारी यंत्रणा कमी आढळली आहे, तेही कारण असू शकतं. जनुकाच्या अक्षरांवरून प्रथिनाचं प्रमाण कळत नाही. प्रथिनच मोजा.

आतडंपाहणारा: मोजा, पण कसं? रक्त पिऊन टम्म झालेली मादी वाटून घेतली की जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) गाईच्याच रक्तातलं अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन यांचेच जाड पट्टे. एका भागातली मादी चौथ्या दिवशी काढलेली आणि दुसरीकडची गळायला आलेली असेल, तर दिसणारा फरक भागाचा नसून दिवसाचा. आधी वजन जुळवा, मग आतडं सोडवून बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) धुवा. डीएनएला हा त्रास कमी: फक्त पाय तोडून घ्यायचे, म्हणजे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची चाचणी) अडवणारं हीम, रक्तातलं लोहयुक्त रंगद्रव्य, फारसं येत नाही.

गोठाफिरस्ता: दोघांचाही नमुनाच चुकला तर? एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. एका बाटलीतल्या पन्नास अळ्या म्हणजे पन्नास नमुने नव्हेत, एकच घर. जनावरामागे एकच गोचीड घ्या, कळप बदला.

चिमटा: हे मान्य. पण आतड्यातलं प्रथिन गोचीड चावताना गाईला दिसतच नाही, त्यामुळे प्रतिपिंडं आपोआप वाढत नाहीत, बूस्टर लागतो. डोसांच्या तारखा न पाहता 'आमच्याकडची गोचीड वेगळी' म्हणणं मला पटत नाही.

आतडंपाहणारा: तारखा बघा की. 'ए' स्ट्रेनला बूस्टर चुकला होता, असं मात्र म्हणू नका. गायी तशाच होत्या, बीएम९५ ने काम केलं.