धिंगरी आणि शिटाके एकाच प्लेटमध्ये: मधली तपकिरी रेघ कशाची?

छत्री: ९० मिमीच्या पेट्रीडिशमध्ये (झाकणाची चपटी बशी), बटाटा-डेक्स्ट्रोज-आगर या पोषक जेलीवर धिंगरी आणि शिटाके या दोन खाद्य अळिंबींच्या धाग्यांच्या जाळ्याचे ५ मिमीचे तुकडे एकाच दिवशी समोरासमोर ठेवले. तापमान २५ अंश. आठवड्यात धिंगरीने बरीचशी प्लेट व्यापली, शिटाके नाण्याएवढीच राहिली. दोघी भिडल्या तिथे तपकिरी रेघ आली. बाहेरची बुरशी शिरली का? आणि लागवडीच्या एका पिशवीत दोन्ही घेता येतील का?

कवकजाल: रेघ नेमकी भिडण्याच्या जागीच असेल तर ती बहुधा त्या झटापटीचीच खूण. अशा ठिकाणी लॅकेससारखी विकरं (एन्झाइम) वाढतात, फिनॉल संयुगांचं ऑक्सिडीकरण होतं आणि तपकिरी रंगद्रव्य साचतं. ट्रायकोडर्मा ही बाहेरची बुरशी शिरली असती तर पांढऱ्या जाळ्यावर काही दिवसांत हिरवी भुकटी दिसली असती.

खरी चूक वेळेची. शिटाके हळू वाढते, म्हणून तिला चार-पाच दिवस आधी लावा. तुकडे वसाहतीच्या (प्लेटवर पसरलेल्या जाळ्याच्या) वाढत्या कडेचेच घ्या, मधला भाग जुना असतो. दोन तुकड्यांत ५ सेंमी अंतर ठेवा. प्रत्येकीची एकटीची प्लेटही हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार? वसाहतीची एकटीची त्रिज्या ३० मिमी आणि प्रतिस्पर्ध्याच्या दिशेची १८ मिमी असेल, तर (३० − १८) ÷ ३० × १००, म्हणजे वाढीला झालेला रोध ४० टक्के. प्रत्येक जोडीच्या किमान तीन प्लेट लावा.

बीजाणू: एक भर. धिंगरी शिटाकेवर चढली म्हणजे शिटाके मेली असं नाही. रेघेपलीकडचा, शिटाकेच्या बाजूचा तुकडा निर्जंतुक पात्याने कापून नव्या आगरवर ठेवा. नुसती धिंगरीच उगवली तर तिने जागा बळकावली. शिटाकेही उगवली तर ती खाली जिवंत आहे. न भिडताच मध्ये मोकळा पट्टा राहिला, तर आगरमध्ये पसरणाऱ्या किंवा हवेत उडणाऱ्या रोधक द्रव्याचा संशय घ्या.

आगरवरचा निकाल लाकडाच्या भुशावर तसाच येईल असं धरू नका. तिथे अन्न वेगळं, वेगही वेगळा.

कवकजाल: पिशवीत दोन्ही नकोतच. धिंगरी पाश्चरीकृत पेंढ्यावर तीन-चार आठवड्यांत फळते. शिटाकेला निर्जंतुक भुसा आणि काही महिने लागतात. धिंगरी आधीच सगळं व्यापते. धिंगरीचे दोन वाणही मिसळू नका: जात एक असली तरी वाण वेगळे असले की त्यांच्यातही सीमारेषा पडते.