एङोमा: ढोल, नगारा की गादी?

मंडळी, एक शब्द अडलाय. बुगांडाच्या राजघराण्यावरचा मजकूर मराठीत आणतोय, बुगांडा म्हणजे युगांडातलं जुनं राज्य, कंपाला शहर त्यातच येतं. तिथल्या लुगांडा भाषेत राजाला म्हणजे काबाकाला राज्य मिळालं की म्हणतात 'ओकुल्या एङोमा'. एङोमा म्हणजे ढोल आणि ओकुल्या म्हणजे खाणे. राजाने ढोल खाल्ला!! असं लिहिलं तर वाचणारा हसेल, 'राज्याभिषेक झाला' लिहिलं तर सगळी गंमतच गेली. काय करू?

प्रतिसाद: आधी उच्चार नीट लिहिलात हे बरं केलंत, बहुतेक जण एंगोमा लिहितात. तो ङ आपल्या वाङ्मयातलाच, आपण शाळेत पाठ करून विसरलो, त्यांच्याकडे रोजच्या बोलण्यात आहे. आणि ढोल म्हटलं की आपल्याला पुण्यातली पथकं दिसतात, कमरेला बांधलेला आडवा ढोल. हा तसा नाही हो, हा उभा. एकाच ओंडक्यातून कोरलेला, वर रुंद नि खाली निमुळता, वरच्या तोंडाला गाईचं कातडं आणि तळालाही कातडंच, दोन्ही कातडी चामड्याच्या पट्ट्यांनी अशी आवळलेली की लाकूड जवळपास दिसतच नाही. त्यातला मोठा तो एम्बूटू. आणि एक लांबट एंगालाबी असतो तो हाताने वाजवतात, त्याला पूर्वापार घोरपडीचं कातडं. गोव्याचं घुमट आठवलं ना? तिथेही घोरपडच होती, कायद्याने बंदी आल्यावर बकरीचं कातडं आलं.

प्रतिसाद: खाण्यात हसण्यासारखं काय आहे? आमचे आजोबा अजून पेन्शन खातायत. लुगांडात सरदारकी मिळाली तरी 'खाल्ली'च म्हणतात, म्हणजे अधिकार भोगणे. ढोलाचं म्हणाल तर माझ्या मते शब्द 'गादी'. आपण 'सातारची गादी' म्हणतो तेव्हा कापसाबद्दल बोलतो का? वस्तूचं नाव घेतो आणि अर्थ राज्य. शेजारच्या रवांडात तर 'इंगोमा'चे दोन्ही अर्थ आहेत, ढोल पण आणि राजवट पण.

प्रतिसाद: गादी पटली, पण गादी मुकी असते, घोटाळा तिथे आहे. राजाच्या ढोलांच्या संचाला मुजागुझो म्हणतात, 'ओकुजागुझा' म्हणजे आनंद साजरा करणे त्यावरून, आणि परंपरेने त्यात ९३ ढोल मोजतात. नवा काबाका तो स्वतः वाजवतो. सध्याचे काबाका मुतेबी दुसरे यांचा राज्याभिषेक ३१ जुलै १९९३ ला बुड्डोच्या नागालाबी टेकडीवर झाला, म्हणजे १९६७ साली राजेशाह्या रद्द झाल्यानंतर तब्बल २६ वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९६६ मध्ये युगांडाचे तेव्हाचे सत्ताधीश ओबोटे यांच्या सैन्याने कंपालातल्या मेंगोच्या राजवाड्यावर हल्ला केला, राजे मुतेसा दुसरे परदेशी निसटले, आणि वाड्यातले वादक पांगले. त्यात एन्टेंगा नावाचा ढोलांचा संच पण गप्प झाला. हा फक्त वाड्यात वाजायचा, १५ ढोलांचा, त्यातले १२ सुरात लावलेले, ओळीने उतरत्या आकाराचे, आणि सहा माणसं मिळून त्यावर चक्क गाण्याची चाल वाजवायची. राज्य गेलं म्हणजे आवाज गेला, हे गादीत कुठे येतं?

मूळ लेखक: अहो हे वाचून मी अजून अडकलो 😅 सध्या असं ठरवलंय की पहिल्यांदा 'एङोमा खाल्ली, म्हणजे गादीवर आला' असं एकदा लिहायचं आणि पुढे सरळ एङोमाच ठेवायचं, नगारा लिहिला की घोडे नि हत्ती येतात उगाच. स्त्रीलिंग का विचारू नका, गादीमुळे तसं तोंडात बसलं.

आता दुसरा शब्द, 'ओमुबाला'. प्रत्येक कुळाचा स्वतःचा ढोलाचा ठेका असतो आणि त्या ठेक्यात शब्द लपलेले असतात, म्हणजे आपले धा तिरकिट नुसते बोल आहेत तसं नाही, इथे वाक्य आहे आणि ढोल ते वाक्य बोलतो. गावाच्या सामुदायिक कामाला बोलावायचा ठेका आहे तो 'सागाला आगालामिद्दे', मला कोणी आडवं पडलेलं नकोय! यातला ढोल ऐकणाऱ्याला शब्द न उच्चारता कळतात. कुळाच्या ओमुबालाला 'ब्रीद' लिहिलं तर ते भिंतीवर टांगलेलं वाटतं, 'ठेका' लिहिलं तर अर्थ निसटतो. सुचवा काहीतरी.