हाताला लागलं, पण काय लागलं? अनुभव सांगा

न बघता पर्समधून किल्ली काढता येते का तुम्हाला? मला येत नाही. किल्ली, पेनाचं टोपण, सेफ्टी पिन, सगळं बोटांना लागतं, पण कुठलं काय ते समजत नाही. मग पर्स जिन्यात ओतायची. यावर घरात भरपूर विनोद होतात.

मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञ) कळलं की संवेदना पोचणं वेगळं आणि दोन संवेदनांतला फरक ओळखणं वेगळं. जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टबाईंनी १९७२ च्या पुस्तकात मेंदू संवेदनांचा मेळ कसा घालतो याची मांडणी केली. २००७ मध्ये ल्युसी जेन मिलर आणि सहकाऱ्यांनी 'फरक ओळखण्यातली अडचण' हा या मेळातल्या अडचणींचा एक स्वतंत्र गट धरला. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या यादीत मात्र हा वेगळा आजार नाही आणि डॉक्टरांत यावर मतभेद आहेत. म्हणून इथे कुणी कुणाचं निदान करू नका. रोजच्या जगण्यात हे कुठे दिसलं, एवढंच लिहा. कॉलरचं लेबल टोचतं, मिक्सरचा आवाज सहन होत नाही, हा वेगळा विषय आहे. त्यावर नंतर धागा काढू.

दुसरीतल्या मुलाची आई
आमचं कानाचं प्रकरण. श्रुतलेखनात बाईंनी 'भात' म्हटलं की वहीत 'बात', 'घर' म्हटलं की 'गर'. श्रवणचाचणी केली, अगदी नॉर्मल. शांत घरात मीच शब्द घातले तर बहुतेक बरोबर यायचे. वर्गात डोक्यावर पंखा, शेजारच्या वर्गात पाढे, की सगळा गोंधळ. आणखी दोन गोष्टी मला आधीपासून दिसत होत्या. एक म्हणजे प्रत्येक वाक्याला 'काय?' विचारायचा आणि मी पुन्हा सांगायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचा. दुसरी, स्वयंपाकघरातून हाक मारली की हा गॅलरीत जाऊन बघायचा. आवाज ऐकू यायचा, कुठून आला ते कळायचं नाही. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, या प्रकारच्या सविस्तर चाचण्या साधारण वयाच्या सातव्या वर्षानंतरच नीट होतात. तोवर खिडकीपासून लांब, बाईंच्या जवळ बसवा. तेवढ्यानेही वहीत फरक पडला.

मराठीची शिक्षिका
वरच्या ताईंना पुस्ती जोडते. मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं म्हणून कृपया कुणी चाचणीला नेऊ नका. ती त्याच्या घरची बोली आहे, कानाचा दोष नव्हे. बघायचं ते हे, की दोन शब्द लागोपाठ म्हटल्यावर ते सारखे की वेगळे हे त्याला सांगता येतं का. डोळ्यांच्या बाबतीत घ-ध आणि भ-म या जोड्या बघा. पहिलीत सगळीच मुलं चुकतात, चौथीतही फळ्यावरून उतरवताना रोज अडत असेल तर लक्ष द्या. आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या, हे सांगायला नकोच.

रांगोळीवाली
माझं चिमटीत अडतं. अंगठा आणि बोटाच्या मधून रांगोळी सुटते किती, याचा अंदाजच येत नाही. एकतर काहीच पडत नाही, नाहीतर ढीग. ठिपके बरोबर मांडते, रेघ आली की संपलं. मोदकाचंही तेच. पारी कुठे पातळ झाली ते बोटांना समजत नाही, कळी काढायला जावं तर फाटून सारण बाहेर. शाळेत पेन्सिलीचं टोक सारखं तुटायचं, खोडताना कागद फाटायचा. सासूबाई 'हात जड आहे हो हिचा' म्हणतात. हल्ली पारी डोळ्यांसमोर उजेडात धरून बघते, मग जमतं. मोदक सुबक होत नाहीत, पण फुटत नाहीत.

लांब पल्ल्याचा वाहक
माझं नाण्यांचं. २०११ च्या मालिकेतला रुपया साधारण २२ मिलिमीटरचा, पाचाचं नाणं २३. जुने सहकारी बॅगेत नुसता हात घालून नेमकं नाणं काढतात. मी प्रत्येक नाणं बाहेर काढून बघतो, रात्रीच्या गाडीत फार हाल. आता पाचाची नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवतो. वीसचं बारा कडांचं नाणं तेवढं बोटांना कळतं.

जुना माणूस
आमच्या वेळी याला वेंधळेपणा म्हणत आणि काम भागत असे. सगळ्यालाच नाव कशाला?

धागाकर्ती
काका, काम भागत नसे, मार बसत असे. नाव नका देऊ, कप्पा वेगळा करा, तेवढंही पुरतं.

मधुमेही, साठीच्या पुढे
एक वेगळी सूचना. मला चालताना चपला निसटलेल्या कळेनात. ही लहानपणापासूनची सवय नव्हती, नव्यानेच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून तपासलं, तर साखरेने नसांवर परिणाम झालेला. आधी कळत होतं आणि आता कळत नाही, असं असेल तर धागा वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

लेकीचा बाबा
आमची पाच वर्षांची मुलगी भूक, शू आणि भीती, तिन्हीला 'पोट दुखतंय' म्हणते. शू अगदी शेवटच्या क्षणी कळते. आता 'वर दुखतंय की खाली? शेवटचं कधी खाल्लंस?' असं विचारतो. निम्म्या वेळा पोळीचा रोल दिला की पोट थांबतं.

नवीन सभासद
डोळे मिटल्यावर लिफ्ट वर चालली आहे की खाली, हे सगळ्यांना कळतं का? मला अजिबात नाही.

रांगोळीवाली
सुरू होताना आणि थांबताना कळायला हवं. मधे एका वेगाने जाताना कुणालाच कळत नाही, कानाच्या आतल्या यंत्रणेला फक्त वेग बदललेला समजतो. तेव्हा नक्की कधी कळत नाही ते बघून या आणि लिहा.