होम लोनचं काम सोडलं. ‘टार्गेट किती?’ न विचारणारी नोकरी मिळेल का?

इंडेक्सटू (चिंचवड)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते इथे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४३. २०११ ला एका डीएसएच्या ऑफिसात टेलिकॉलर म्हणून लागले, २०१५ ला स्वतःचा कोड (बँक देते तो एजंट नंबर) घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डीएसए म्हणजे बँकेला गृहकर्जाचं गिऱ्हाईक आणून देणारा एजंट. पगार नाही. कर्ज डिस्बर्स झालं, म्हणजे पैसे प्रत्यक्ष सुटले, की रकमेवर पेआउट (कमिशन). लॉगिन झालं (फाईल बँकेत दाखल), सँक्शन (मंजुरी) आलं, लीगल-टेक्निकल (कागदांची आणि घराची तपासणी) पार पडलं, आणि शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्याच्या सोसायटीने एनओसी अडवून धरली, की बँकेच्या लेखी तुम्ही महिनाभर झोपा काढल्या.

चांगले दिवस पाहिले नाहीत असं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क कमी केलं, ते ३१ मार्च २०२१ पर्यंत. रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) तेव्हा ४ वर. घर घ्यायचा ज्याच्या मनात नुसता विचार होता तोही रजिस्ट्रेशनच्या रांगेत उभा. त्या मार्चमध्ये माझ्या कोडवर ६ कोटी २० लाख डिस्बर्स झाले. ०.४० टक्क्याने २ लाख ४८ हजार. २९ तारखेला धुळवड होती, सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फायली लावत बसले होते. पोळीवरचं तूप एका फॉर्म १६ वर सांडलं. तो कागद तसाच बँकेत गेला आणि पासही झाला.

१ एप्रिलला सकाळी दहाला बँकेच्या सेल्स मॅनेजरचा फोन. मला वाटलं अभिनंदन करतोय. म्हणाला, “मॅडम, एप्रिलचं कमिटमेंट काय लिहू?”

त्या दिवशी काहीतरी तुटलं. पण काम पुढे चार वर्षं केलं, हेही खरं.

मे २०२२ पासून रेपो चढत गेला, फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा. लोकांच्या हप्त्यांची मुदत वीस वर्षांची पंचवीस झाली. फोन मला. जणू व्याज मीच वाढवलंय. मग गिऱ्हाईकं विचारायला लागली, “तुमच्या पेआउटमधलं आम्हाला किती देणार?” बिल्डरांनी साइटवरच बँकांची टेबलं मांडली. आणि शेवटी रावेतची एक ५८ लाखांची फाईल. फ्लॅट रीसेलचा, चेन अॅग्रीमेंटमधला (आधीच्या मालकांच्या खरेदीच्या दस्तांमधला) २००९ चा एक दस्त गहाळ. अकरा दिवस हेलपाटे घालून दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल काढली. सँक्शन आलं तेव्हा कळलं की शाखेतल्या कुणीतरी फाईल ‘डायरेक्ट’ म्हणून लॉगिन केलीय. माझा कोडच नाही. गिऱ्हाईक बिचारा पेढे घेऊन आला. त्याला काय सांगणार? खाल्ला पेढा.

मार्च २०२५ ला ऑफिसचा गाळा सोडला. दोन मुलं होती कामाला, त्यांना दुसरीकडे चिकटवून दिलं.

आता मुद्दा. सात मुलाखती दिल्या. सगळीकडे सीव्ही बघून एकच: “तुमचं सेल्सचं बॅकग्राउंड स्ट्राँग आहे, महिन्याला किती कराल?” अहो, चौदा वर्षांत विकायला मला दर फाईलमागे दहा मिनिटं लागली असतील. बाकी वेळ कागद वाचण्यात गेला. सातबारा, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), तीन वर्षांचे रिटर्न, कुणाच्या पगारातून सोसायटीचं कर्ज कापलं जातंय आणि त्याने ते लपवलंय. हे काम कुठल्या पदाच्या नावाखाली येतं तेच मला कळत नाही. (विकायला मला जमत नाही असं समजू नका. जमतं, म्हणूनच सगळे तिकडे ढकलतात.)

सध्या हातात दोन ऑफर आहेत. ताथवड्याला एका बिल्डरकडे क्लोजिंग मॅनेजर (साइटवर आलेल्या गिऱ्हाईकाचं बुकिंग पक्कं करणारी): ४५ हजार अधिक इन्सेंटिव्ह, शनिवार-रविवार कामावर, सुट्टी मंगळवारी. दुसरी चाकणला, छोट्या कर्जांच्या एका हाउसिंग फायनान्स कंपनीत क्रेडिटला (कर्ज द्यावं की नाही हे तपासायचं काम): २८ हजार, बस. नवऱ्याची भोसरीला शिफ्ट ड्यूटी आहे, घर चालतं, पण २८ ऐकून तो गप्प झाला. त्यात जून २०२५ ला रेपो साडेपाचवर आला, जुने ओळखीचे म्हणतात, “परत ये, बाजार उठलाय.”

कुणी या कामातून बाहेर पडलंय का? कुठे गेलात?

---

खडूस_काका

टार्गेट नसलेली नोकरी आता शिल्लक नाही. शिक्षकांनासुद्धा पटसंख्येचं टार्गेट असतं.

---

इंडेक्सटू

काका, ठाऊक आहे. माझी जाऊ शिक्षिका आहे, मे महिन्यात उन्हातून वस्त्या फिरते मुलं गोळा करायला. पण तिला दर एक तारखेला तिसरी ब परत रिकामी करून भरायला सांगत नाहीत.

---

साइटवरचा_पोरगा (वाकड)

ताई, मी बिल्डरकडेच आहे, सहा वर्षं झाली. क्लोजिंगला जाऊ नका. तुम्ही ज्यातून पळताय तेच आहे, फक्त एसी आहे आणि कॉफी फुकट. सोमवारी रिव्ह्यू. शनिवार-रविवारी किती वॉक-इन आले, त्यातले किती बसले, टोकन किती, कॅन्सल किती. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग शनिवारी असलं की विसरा.

पण त्याच ऑफिसात मागच्या बाजूला एक टेबल असतं, त्याला आमच्याकडे सीआरएम म्हणतात. बुकिंगनंतरचं सगळं तिथे. रेराप्रमाणे (बिल्डरांवरचा कायदा) दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायच्या आधी करारनामा नोंदवावा लागतो, तो नोंदवून घेणं, स्लॅबप्रमाणे (बांधकाम चढेल तसं) डिमांड लेटर काढणं, बँकेकडून डिस्बर्समेंट आणणं, पझेशनची कागदपत्रं. आमच्याकडे त्या टेबलावर बसलेल्या दोघींना एनओसी आणि ओसीआरमधला (गिऱ्हाईकाने स्वतःच्या खिशातून भरलेल्या रकमेची पावती) फरक मला समजावून सांगावा लागला होता. तुम्ही गेलात तर साहेब पाया पडेल. टार्गेट तिथेही असतं, वसुलीचं. पण पैसे येणे असतात, गिऱ्हाईक शोधायचं नसतं. पगार ३० ते ३८ च्या आसपास, मी पाहिलेल्या ठिकाणी. त्याच बिल्डरला विचारून बघा ना, क्लोजिंगऐवजी हे देता का म्हणून.

---

ट्रेलवाला (ठाणे)

मी स्वतः होम लोनमधून म्युच्युअल फंडाच्या वितरणात आलो, २०१९ ला. कुणीतरी तुम्हाला हे सुचवणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो.

परीक्षा अवघड नाही. एनआयएसएमची (सेबीची संस्था) पाच-ए, शंभर मार्कांची, पन्नासला पास, मग अॅम्फीचा एआरएन नंबर, म्हणजे वितरक म्हणून नोंदणी. मेख पुढे आहे. सेबीने २०१८ मध्ये आगाऊ कमिशन बंद केलं, आता जवळपास सगळं ट्रेल. म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे फंडात राहतील तोवर दरवर्षी थोडं थोडं. पाऊण टक्का धरा. वर्षाला दीड लाख हवेत तर दोन कोटी जमलेले हवेत, आणि पाच-पाच हजारांच्या एसआयपीतून दोन कोटी व्हायला किती वर्षं लागतील ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं काढाल. मी पहिली दोन वर्षं बायकोच्या पगारावर काढली.

तुम्हाला जो १ एप्रिलचा फोन खुपला, तो इथे येत नाही. मागच्या महिन्याचं काम पुसलं जात नाही. पण हे सेल्सच आहे, त्यात फसू नका. आणि जुन्या कर्जदारांचे नंबर मोबाइलमध्ये आहेत म्हणून सरसकट फोन लावत सुटू नका. त्यांनी ते कर्जासाठी दिले होते.

---

टेक्सासची_वहिनी

इंडेक्सटू, इथे याच कामाला परवाना लागतो. वीस तासांचा अभ्यासक्रम, परीक्षेत ७५ टक्के, आणि दर ३१ डिसेंबरच्या आत नूतनीकरण. मी डॅलसमध्ये लोन ऑफिसर होते. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ पर्यंत उतरला होता. लोक जुनं कर्ज फेडून नवं घ्यायला रांगा लावत होते, मी जेवण गाडीत करायचे. ऑक्टोबर २०२३ ला तोच दर पावणेआठच्या पुढे. २.६५ वाला माणूस मरेपर्यंत कर्ज बदलत नाही. आमच्या टीममधले चौदापैकी अकरा जण त्याआधीच घरी बसले होते, त्यात मी.

आता टायटल कंपनीत आहे. मालकी हक्काचे जुने दस्त तपासायचे, कुणाचा बोजा राहिलाय का बघायचं. तुम्ही अकरा दिवस जे केलंत, त्याचा मला पगार मिळतो. उत्पन्न निम्म्यावर आलं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट सांगते, हसू नका. पुढची दोन वर्षं मी परवाना जिवंत ठेवला. फी भरली, वर्षाला आठ तासांचं प्रशिक्षण केलं. दर कमी झाले की परत जायचं म्हणून. त्या दोन वर्षांत नव्या कामात माझं अर्धं लक्ष व्याजदराच्या बातम्यांकडे. तिसऱ्या डिसेंबरला भरला नाही. तुमचा कोड अजून चालू आहे का हो?

---

निवृत्त_लोन_डेस्क (सातारा)

मी राष्ट्रीयीकृत बँकेत गृहकर्जाच्या प्रोसेसिंगमध्ये होतो, आता निवृत्त. ताई, तुमची चूक सीव्हीत आहे. ‘६ कोटी २० लाख डिस्बर्समेंट’ असं वर लिहिलं असणार. ते वाचून समोरचा सेल्सचाच प्रश्न विचारणार. त्याऐवजी लिहा: किती फायली तपासल्या, त्यातल्या किती तुम्ही स्वतःच लॉगिन न करता परत पाठवल्या आणि का. क्रेडिटवाल्याला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. मी तरी त्यावरून माणूस घेतला असता.

चाकणच्या जागेबद्दल: पगार ठरण्याआधी एकदा त्यांच्या माणसाबरोबर पीडीला जाऊन या. मागितलं तर नेतात. कर्जदाराच्या घरी-दुकानी जाऊन त्याचं उत्पन्न समजून घेण्याचं काम आहे ते. आवडलं तर २८ सुरुवात आहे, नाही आवडलं तर ५० सुद्धा कमीच.

---

इंडेक्सटू

नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

वहिनी, प्रश्न बरोबर जागी लागला. कोड चालू होता. अगदी गेल्या महिन्यातही एक फाईल दुसऱ्याच्या नावाने ढकलली होती. असो.

साइटवरच्या दादाचं ऐकून ताथवड्याला सीआरएमबद्दल विचारलं. एचआरची मुलगी म्हणाली, “मॅम, ते बॅकएंड आहे, तुमच्यासारख्यांनी फ्रंटला असायला पाहिजे.” मी म्हटलं, माझ्यासारख्या म्हणजे कशा? ती हसली. मोठे साहेब दिवाळीनंतर सांगतील म्हणे.

साताऱ्याचे काका, सीव्ही बदलला. परत पाठवलेल्या फायली मोजायला जुन्या डायऱ्या काढल्या. २०१५ ते २०२४ मध्ये १३७. नवरा म्हणाला, यातल्या निम्म्या जरी रेटल्या असत्यास तरी गाडी आली असती.

आणि परवा चाकणला पीडीला गेले. क्रेडिटचा मुलगा पंचविशीतला, हुशार, टॅबवर फॉर्म भरत होता. कर्ज १४ लाख, म्हाळुंगे बाजूला वन आरके. बाई वडापावची गाडी लावतात, एमआयडीसीच्या गेटसमोर. बँक स्टेटमेंटवर यूपीआयने महिन्याला ४१ हजार जमा, तेवढीच विक्री त्याने धरली. त्यातून माल वजा जाता हप्ता बसत नव्हता. तो टॅब मिटायलाच निघाला होता.

मी विचारलं, “मावशी, पाव रोज किती लागतात?” म्हणाल्या, २२०. पाववाल्याची वही होती, रोजची सही. उरतात किती? चार-पाच, ते सुनेच्या घरी जातात. म्हणजे २१५ धरा, २० रुपयांनी ४ हजार ३००. रविवारी कंपन्या बंद, गाडीही बंद, तर २६ दिवस. १ लाख ११ हजार ८०० ची विक्री. तेल, बेसन, गॅस, पाव आणि एका पोराची मजुरी काढून हातात तिसरा हिस्सा राहतो म्हणाल्या. मी गॅसच्या पावत्या आणि तेलाचे डबे मोजले, जुळत होतं. ३७ हजारांच्या आसपास. रोकड घरात भिशीला जात होती, म्हणून बँकेत दिसत नव्हती.

मग त्यांनी विचारलं, सरकारचे पैसे मिळतात ना? मुलगा म्हणाला, “हो हो, सबसिडी आहे.” मी त्याच्या बाहीला धरून थांबवलं. पंतप्रधान आवास शहरी दोनमध्ये व्याजाचं अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच हप्त्यांत, आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नको. मावशी म्हणाल्या, गावाला आहे. कुणाच्या नावावर? “माझ्याच.” मग नाही मिळणार, मावशी. त्यांचा चेहरा पडला. कर्जाचं मात्र होईल म्हटलं, भिशीचे पैसे या महिन्यापासून खात्यात भरा.

परत येताना तो मुलगा बाइक थांबवून म्हणाला, “मॅडम, पावाचं मला कुणी शिकवलं नव्हतं.” मला कुणी शिकवलं होतं?

तर पुढच्या सोमवारपासून चाकण. कोड सरेंडर करायचा मेल काल रात्री टाकला.

---

साइटवरचा_पोरगा

भारी! पण २८ लाच तयार झालात?

---

इंडेक्सटू

२९ आणि पेट्रोलचे किलोमीटरला चार रुपये. पावाची गोष्ट त्या पोराने त्याच्या साहेबांना सांगितली वाटतं.

---

खडूस_काका

गाडी कुठल्या गेटसमोर लागते म्हणालात?